सर्टिफिकेट नवऱ्याच्या नावाचं, आजार बायकोला

गृहकर्जाच्या फाइलमध्ये विम्याचं सर्टिफिकेट होतं, पण त्यावर नाव नवऱ्याचं होतं आणि कॅन्सर बायकोला झाला होता. सांगलीच्या विश्रामबागेतला टू बीएचके, कर्ज ३० लाखांचं, मुदत २० वर्षं, व्याज साडेआठ टक्के, हप्ता २६,०३५ रुपये. नवरा कुपवाड एमआयडीसीत, बायको खासगी शाळेत शिक्षिका. त्याच्या पगारात घर चालायचं आणि हप्ता तिच्या खात्यातून जायचा. फाइल माझ्या टेबलावर ठेवत नवऱ्यानं विचारलं, "साहेब, बँकेनं विमा उतरवलाय न्हवं? मग आता हप्ते कंपनीच भरंल की."

कंपनी भरणार नव्हती. कारण सर्टिफिकेटवरच छापलेलं होतं, फक्त ते कुणी वाचलं नव्हतं. विमाधारक: पहिला अर्जदार, म्हणजे नवरा. संरक्षण: मृत्यू. गंभीर आजाराचा रकाना रिकामा. आणि मुदत ५ वर्षं. कर्ज २० वर्षांचं आणि विमा ५ वर्षांचा, हे मी वरचेवर बघतो, कारण मुदत कमी केली की प्रीमियम लहान दिसतो आणि सही लवकर मिळते. या कर्जात ५ वर्षांनंतरही सुमारे २६ लाख ४४ हजार मुद्दल बाकी असेल आणि विमा तेव्हा संपलेला असेल. १० वर्षांनी, म्हणजे अर्धी मुदत सरल्यावरही, २१ लाख बाकी. सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजच जातं, मुद्दल हलत नाही.

शिवाय हा एकरकमी प्रीमियम कर्जातच मिळवलेला होता. या व्याजदरानं प्रीमियमच्या प्रत्येक लाखामागे २० वर्षांत २ लाख ८ हजार जातात. बँकेतली मुलं वाईट नसतात, त्यांच्या डोक्यावर टार्गेट असतं. पण कर्जाच्या पंचवीस-तीस सह्यांच्या गठ्ठ्यात विम्याचा फॉर्म सरकवून "हे कंपल्सरी आहे" म्हणणं मला चीड आणतं. घराच्या इमारतीचा विमा बँक मागू शकते. २०१९ चा पूर पाहिलेल्या सांगलीत तो मागावा लागत नाही, लोक स्वतःहून विचारतात. आयुर्विमा मात्र बँकेकडूनच घ्या, अशी सक्ती करायला तिला परवानगी नाही. सही झालीच असेल तर पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. खर्चाची थोडी कपात होऊन पैसे मिळतात. ही मुदत घराच्या चाव्या आणि वास्तुशांतीच्या गडबडीत निघून जाते.

या घराला हात मिळाला तो दुसरीकडून. बाईंनी दोन वर्षांपूर्वी शाळेत आलेल्या एजंटाकडून टर्म पॉलिसी, म्हणजे ठरावीक मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा, घेतली होती आणि तिला गंभीर आजाराचा ५ लाखांचा रायडर, म्हणजे जादा संरक्षण, जोडलेला होता. नशिबानं तो स्वतंत्र होता. रायडर दोन प्रकारचे असतात: एकात आजारासाठी दिलेली रक्कम मूळ विम्यातून वजा होते, दुसऱ्यात मूळ विमा शाबूत राहतो. घेताना हा एकच प्रश्न विचारला तरी अर्धं काम होतं.

त्यांनी दावा केला होता आणि कंपनीचं पत्र आलं होतं: आजार व्याख्येत बसत नाही. पत्र वाचून नवरा हबकला होता, पण पत्र चुकीचं नव्हतं. गंभीर आजारांच्या व्याख्या विमा नियामकानं सगळ्या कंपन्यांसाठी ठरवून दिल्या आहेत. कॅन्सरच्या व्याख्येत 'कार्सिनोमा इन सिटू' वगळलेला आहे, म्हणजे पेशी जिथं उगवल्या तिथंच आहेत, आजूबाजूच्या भागात घुसलेल्या नाहीत. त्यांनी जोडलेल्या पहिल्या बायोप्सीत नेमकं तेच लिहिलं होतं. पण मिरजेला शस्त्रक्रिया झाल्यावर काढलेल्या गाठीचा पूर्ण रिपोर्ट वेगळा आला होता, त्यात 'इन्व्हेजिव्ह', म्हणजे आजूबाजूला घुसलेला, भाग स्पष्ट होता. सुईनं काढलेल्या तुकड्यात जे सापडत नाही ते अख्ख्या गाठीत सापडू शकतं. हा रिपोर्ट यायला आठवडा लागतो आणि डिस्चार्ज कार्ड त्याआधीच तयार होतं. त्यामुळे कार्डावर निदान जुनंच राहिलं आणि नवा रिपोर्ट डॉक्टरांच्या फाइलमध्ये.

कामाला लागलो. शस्त्रक्रियेनंतरच्या रिपोर्टची सही-शिक्क्याची प्रत, डिस्चार्ज कार्डाला जोडून अंतिम निदानाचं डॉक्टरांचं पत्र, आणि पहिल्या तपासणीचा कागद. हा शेवटचा कागद सगळ्यात नाजूक. रुग्ण घाबरून काहीतरी बोलतो, शिकाऊ डॉक्टर 'वर्षभरापासून गाठ' असं लिहून टाकतो आणि पुढं त्या एका ओळीवर दावा अडतो. पॉलिसीच्या पहिल्या ९० दिवसांतली लक्षणं चालत नाहीत, आणि पॉलिसी तीन वर्षांच्या आतली असली की आधीपासूनचा आजार लपवला का, हे कंपनी खोदून बघते. इथं तपासनीस फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन आला, शाळेतून रजेची नोंदही घेऊन गेला. कागदावर 'पंधरा दिवसांपासून' होतं आणि ते खरं होतं. निदानानंतर ३० दिवस हयात असण्याची अटही पुरी झाली होती. दावा मंजूर झाला.

तरी हे प्रकरण डोक्यातून जात नाही. दुसऱ्या रिपोर्टातही 'इन सिटू'च आलं असतं तर? शस्त्रक्रिया तीच, बिनपगारी रजा तीच, आणि हातात शून्य. पहिल्या टप्प्यालाही विमा रकमेचा काही भाग, बहुधा पाव हिस्सा, देणाऱ्या कॅन्सर पॉलिसी आहेत. गंभीर आजाराचा विमा घेताना लोक 'किती आजार कव्हर' हा आकडा बघतात. ३६ की ६४, याला माझ्या लेखी फार अर्थ नाही. कॅन्सर, हार्ट अटॅक, पक्षाघात आणि किडनी यांच्या व्याख्या वाचा. बायपास बसतं, पण अँजिओप्लास्टी त्या व्याख्येत बसत नाही. पक्षाघातात किमान तीन महिने टिकलेलं अपंगत्व दाखवावं लागतं. किडनीत दोन्ही निकामी होऊन कायमचं डायलिसिस किंवा प्रत्यारोपण लागतं.

रक्कम किती, तर किमान तीन वर्षांचे हप्ते. इथं ते ९ लाख ३७ हजार होतात, म्हणजे १० लाखांचा विमा हवा होता. मिळालेल्या ५ लाखांत एकोणीस हप्ते बसतात. मेडिक्लेम हॉस्पिटलचं बिल भागवतो, घराचा हप्ता भागवत नाही. दोन्ही लागतात. आणि विमा कुणाच्या नावावर, हे सातबारा किंवा करारनाम्यावरच्या नावावरून ठरवू नका, हप्ता कुणाच्या कमाईतून जातो त्यावरून ठरवा. दोघं कमावत असतील तर दोघांचा.

टर्म बँकेपासून वेगळी घ्या: रक्कम कर्ज अधिक दहा-बारा वर्षांचा घरखर्च एवढी. बँक बदलली तरी ती तुमचीच राहते. वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला आहे. बँकेची कर्ज-विमा पॉलिसी बहुधा गट विमा असते, तिला ती सूट नाही. विवाहित पुरुषानं अर्ज भरतानाच १८७४ च्या विवाहित स्त्री मालमत्ता कायद्याखाली पॉलिसी केली, तर पैसे बायको-मुलांचेच राहतात, कर्ज देणाऱ्यांना त्यावर हात टाकता येत नाही. नंतर हे करता येत नाही.

बाईंना आता नवीन टर्म मिळणं काही वर्षं अवघड आहे, म्हणून जुनी पॉलिसी एक दिवसही बंद पडू देऊ नका असं बजावलं. आलेले पाच लाख मुद्दलात भरायचा नवऱ्याचा विचार होता. मी थांबवलं. मुद्दल कमी झालं तरी पुढच्या महिन्याचा हप्ता चुकत नाही. रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून त्यातूनच हप्ते चालू आहेत. नवऱ्याचा टर्मचा अर्जही भरला. तंबाखूच्या प्रश्नावर ते "नाही" म्हणाले, मग खिशातला मावा बाहेर आला. आपल्याकडं मिसरी आणि मावा कुणी व्यसनात धरत नाही, फॉर्ममध्ये मात्र तो तंबाखूच. "होय" लिहिलं, प्रीमियम वाढला, वैद्यकीय तपासणीची तारीख पुढच्या आठवड्यातली आहे.