तेराचा पाढा म्हणत धावताना

जानेवारीतल्या एका शनिवारी मी टेम्सच्या काठाने 24 किलोमीटर धावले. किंग्स्टनच्या पुलापासून हॅम्प्टन कोर्ट, तिथून परत, मग उलट्या दिशेला टेडिंग्टन लॉक ओलांडून रिचमंडच्या जरा अलीकडून मागे. एप्रिलमध्ये लंडन मॅरेथॉन होती आणि तयारी मनासारखी चालली होती. शेवटचे चार किलोमीटर मात्र पाय ओढत आणावे लागले. थंडीमुळे असेल असं वाटलं. पुढच्या बुधवारी सकाळी बाथरूममध्ये त्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या.

आनंद झाला, खूप झाला. पण त्याच्या पाठोपाठ, अर्ध्या मिनिटात, तो शनिवार आठवला. चार आठवड्यांचं काहीतरी पोटात घेऊन मी 24 किलोमीटर धावले होते. त्याला काही झालं असेल का?

साताऱ्यात किंवा पुण्यात असते तर त्याच संध्याकाळी ओळखीच्या गायनॅककडे जाऊन बसले असते. इथे तसं नसतं. ऑनलाइन फॉर्म भरून आपल्या भागातल्या मिडवाइफकडे, म्हणजे प्रशिक्षित सुईणीकडे, नाव नोंदवायचं. पहिली भेट साधारण दहाव्या आठवड्याच्या आत होते, पहिली सोनोग्राफी 11 ते 14 आठवड्यांच्या दरम्यान. सगळं सुरळीत असेल तर डॉक्टरची गाठही पडत नाही. रक्तस्राव किंवा पोटात जोराचं दुखणं असेल तर आरोग्यसेवेचा 111 हा फोन नंबर आहे, रुग्णालयांत सुरुवातीच्या गरोदरपणासाठी वेगळे कक्ष आहेत, तिथे तपासतात. पण ज्या बाईला काही होत नाहीये, फक्त भीती वाटते आहे, तिला ते चार-पाच आठवडे स्वतःच काढावे लागतात. धावणाऱ्या बाईला तर दर दुसऱ्या दिवशी दारात उभं राहून ठरवावं लागतं, बूट घालायचे की नाही.

आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती आधी रडली, मग म्हणाली, “आता ते पळणं बंद. तीन महिने तरी पाऊल जपून टाक गं बाळा.” मी यवतेश्वरच्या घाटात सातारा हिल हाफ मॅरेथॉन धावले तेव्हा रस्त्याच्या कडेला उभी राहून ओरडणारी हीच माझी आई. तिचा धावण्यावर राग नाही. म्हणून तिच्या आवाजातली ती भीती मला जास्त लागली.

रात्री झोप येईना म्हणून मी वाचत बसले, आणि जे सगळ्यात घाबरवणारं होतं तेच आधी सापडलं. 2007 साली प्रसिद्ध झालेला डेन्मार्कचा एक अभ्यास, नव्वद हजारांहून जास्त गरोदर बायकांचा. पहिल्या 18 आठवड्यांत जास्त व्यायाम करणाऱ्यांमध्ये, विशेषतः धावण्यासारखा आदळआपट असलेला व्यायाम करणाऱ्यांमध्ये, गर्भपाताचं प्रमाण जास्त दिसलं होतं. मी फोन उपडा ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी धीर करून पुढचं वाचलं. ज्यांचा गर्भ पडला त्यांपैकी बऱ्याच जणींना व्यायामाबद्दल विचारलं गेलं होतं ते गर्भ पडल्यानंतर. अशा वेळी कुठलीही बाई आपण काय केलं हेच आठवत बसते. ज्यांना आधी विचारलं होतं त्यांच्यापुरतं पाहिलं तर तो संबंध फिका पडत होता, आणि संशोधकांनी स्वतःच सावध राहायला सांगितलं होतं. पुढे 2019 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी असे अनेक अभ्यास एकत्र तपासले. त्यात गरोदरपणातला व्यायाम आणि गर्भपात यांचा संबंध आढळला नाही.

मला सगळ्यात जवळचा वाटला तो इथलाच, 2018 चा अभ्यास. आमच्या घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर बुशी पार्क आहे. चेस्टनटच्या झाडांची सरळ लांब रांग, मोकळी फिरणारी हरणं. 2004 च्या ऑक्टोबरमध्ये तिथे तेरा जण पाच किलोमीटर धावले आणि त्यातून पार्करन सुरू झालं, जे आता दर शनिवारी सकाळी कितीतरी देशांत फुकट चालतं. त्याच पार्करनच्या मार्फत संशोधकांनी आई झालेल्या 1293 धावणाऱ्या बायकांशी संपर्क साधला. त्यातल्या 713 जणी गरोदरपणात धावत राहिल्या होत्या, बाकीच्या थांबल्या होत्या. बाळ लवकर जन्मणं किंवा वजनाला कमी भरणं, यात दोन्ही गटांत फरक दिसला नाही. धावत राहिलेल्यांमध्ये प्रसूतीच्या वेळी चिमटा किंवा व्हॅक्यूम लावण्याचं प्रमाण थोडं जास्त होतं, हेही सांगायला हवं. बायकांनी आठवून दिलेली माहिती आहे, त्यामुळे ती शेवटचा शब्द नव्हे. पण ज्या रस्त्यावर मी दर शनिवारी धावते, त्याच रस्त्यावर माझ्यासारख्या किती जणी पोटात बाळ घेऊन धावल्या असतील, या विचाराने मला जो धीर आला तो कुठल्याही आकड्याने आला नसता.

नवव्या आठवड्यात मिडवाइफची भेट झाली. रक्त काढलं, रक्तदाब पाहिला, कार्बन मोनॉक्साइडसाठी एका नळीत फुंकायला लावलं. मग मी विचारलं. तिने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, “तू आधीपासून धावत होतीस ना? मग धाव. फक्त आता स्पर्धा करायची नाही.” इथला सरकारी सल्लाही हाच आहे: आठवड्याला 150 मिनिटं मध्यम व्यायाम, आधीपासून करत असाल तर चालू ठेवा, करत नसाल तर हळूहळू सुरू करा. ज्या मैत्रिणी कधीच धावल्या नाहीत त्यांनी दिवस गेल्यावर लांब पल्ल्याची सुरुवात करू नये, त्यांना चालणं पुरे. आणि रक्तस्राव, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार, पंडुरोग (ॲनिमिया), जुळं, गर्भाशयाच्या मुखाचा त्रास यांपैकी काही असेल तर हा माझा अनुभव बाजूला ठेवून आपल्या डॉक्टरचं ऐका.

मग मी कशी धावले ते सांगते.

पहिली गोष्ट, घड्याळ घरी ठेवलं. गरोदरपणात अगदी सुरुवातीलाच नाडी जलद होते. मी रमतगमत धावत असताना घड्याळ मात्र जोरात पळत असल्यासारखे आकडे दाखवायचं. त्याऐवजी बोलता येतंय का, हे पाहायचं. धावताना पूर्ण वाक्यं बोलता आली तर वेग बरोबर. एकटी असेन तर मी तेराचा पाढा म्हणायचे. तेरा चोक बावन्न, तेरा पंचे पासष्ट, तेरा सक अठ्ठ्याहत्तर. एका ओळीत दोनदा श्वास घ्यावा लागला की चालायला लागायचं. अंतरापेक्षा वेगाची काळजी जास्त घ्यावी, असं मला वाटतं. नॉर्वेत 2012 साली ऑलिंपिक दर्जाच्या सहा गरोदर खेळाडूंची तपासणी झाली. नाडी कमाल वेगाच्या 90 टक्क्यांपुढे गेली तेव्हा गर्भाशयाकडे जाणारा रक्तपुरवठा बराच घटला आणि बाळाचे ठोके मंदावले. त्या थांबल्यावर ते लवकर पूर्ववत झाले. त्या सहाव्या-सातव्या महिन्यातल्या बायका होत्या, पण मी वेगाचे सराव त्या दिवशीच बंद केले.

दुसरी गोष्ट उष्णतेची, आणि इथे मला भारतातल्या मैत्रिणींशी जरा जोर देऊन बोलायचं आहे. बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी शेवटच्या पाळीपासून मोजलं तर साधारण सहाव्या आठवड्यापर्यंत मिटते. त्या काळात आईच्या शरीराच्या आतलं तापमान 39 अंशांच्या वर जाणं टाळायचं असतं. ताप, सॉना, गरम पाण्याचा टब, सगळ्याला हेच लागू. मी लंडनच्या जानेवारीत चार अंशांत धावत होते, मला हा धोका जवळजवळ नव्हताच. पण पुण्यात एप्रिलमध्ये सकाळी आठ वाजता किंवा मुंबईच्या दमट हवेत घाम वाळतच नाही तेव्हा दोन तास धावणं ही पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे. माझं वेळापत्रक तिथे उचलून नेऊ नका. उजाडायच्या आत बाहेर पडा, अंतर निम्मं करा, पाणी जवळ ठेवा, आणि ज्या दिवशी हवा अंगाला चिकटते त्या दिवशी घरातच चाला.

लांबचं धावणं मी आठव्या आठवड्यापासून दहा-बारा किलोमीटरवर आणलं. नदीकाठचा लांब रस्ता सोडून घराभोवतीच्या फेऱ्या धरल्या, म्हणजे कधीही पाच मिनिटांत घर आणि स्वच्छतागृह गाठता येतं. निघण्याआधी केळं, खिशात राजगिऱ्याचा लाडू, कारण साखर आता लवकर उतरते. धावून झाल्यावर एकदम थांबायचं नाही. रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात, रक्तदाब उतरलेला असतो, चटकन उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. मला एकदा आली, बागेच्या फाटकाला धरून उभी राहिले. तेव्हापासून शेवटची दहा मिनिटं चालतच संपवते. सहाव्या आणि सातव्या आठवड्यात मात्र दहा दिवस मी एक पाऊलही धावले नाही. कांद्याच्या फोडणीच्या वासाने पोट ढवळायचं आणि संध्याकाळी सात वाजता डोळे मिटायचे. ते दहा दिवस वाया गेले असं मला एकदाही वाटलं नाही.

रक्त दिसलं, छातीत दुखलं, चक्कर आली, एका पोटरीला सूज येऊन ती दुखू लागली, पोटात पेटके आले, तर तिथेच थांबायचं आणि त्याच दिवशी विचारायचं. उद्यावर ढकलायचं नाही.

आपल्या बायकांसाठी आणखी एक. गरोदरपणातल्या मधुमेहाचा धोका दक्षिण आशियाई बायकांना जास्त असतो. इथे त्यामुळेच आम्हाला 24 ते 28 आठवड्यांत साखरेची खास चाचणी देतात. नियमित व्यायामाने तो धोका कमी होतो. म्हणून “पडून राहा” हा मायेने दिलेला सल्ला सरसकट मानायला मी तयार नाही.

मॅरेथॉनचं काय, असं बऱ्याच जणींनी विचारलं. लंडन मॅरेथॉनने 2022 मध्ये नियम बदलला, गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांना आपली जागा तीन वर्षांपर्यंत पुढे नेता येते. मी एक फॉर्म भरला आणि जागा राहिली. हे सहज मिळालेलं नाही. सोफी पॉवर या धावपटूला 2018 मध्ये आल्प्समधली सुमारे 170 किलोमीटरची शर्यत तीन महिन्यांच्या बाळाला वाटेत थांबून दूध पाजत पूर्ण करावी लागली होती, कारण दुखापत झाली तर जागा पुढे नेता येत होती, बाळंतपणासाठी नाही. तिचा तो फोटो जगभर गेला. त्यानंतर तिने हा प्रश्न लावून धरला. ब्रिटिश धावपटू पॉला रॅडक्लिफने जानेवारी 2007 मध्ये मुलीला जन्म देऊन त्याच नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली, हे मला पाठ आहे, पण तिच्या पायांशी मी माझे पाय मोजत नाही.

आता आईचं. मिडवाइफकडे जाऊन आले त्या रात्री मी तिला सगळं सांगत होते. मिडवाइफ म्हणाली होती की सुरुवातीला गर्भ पडतो तो बहुतेक वेळा गुणसूत्रं नीट जुळली नाहीत म्हणून. आईच्या धावण्याने नाही, वजन उचलण्याने नाही. पलीकडे इतका वेळ शांतता होती की फोन कट झाला असं वाटलं. मग आई म्हणाली, “म्हणजे हंड्याचं काही नव्हतं?”

मला काही कळेना. मग तिने सांगितलं, आयुष्यात पहिल्यांदा. माझ्या दादाच्या आधी तिला दिवस गेले होते. अडीच महिने झाले होते. मेढ्याला विहिरीवरून पाण्याचा हंडा आणला आणि दुसऱ्या दिवशी सगळं गेलं. घरातल्या मोठ्या बायका म्हणाल्या, हंडा उचललास म्हणून. आई पस्तीस वर्षांहून जास्त काळ हेच धरून होती. मी तिला मिडवाइफचं वाक्य पुन्हा सांगितलं. तिने तिसऱ्यांदा सांगायला लावलं. चौथ्यांदा मी आपणहून सांगितलं.

आज मला सोळावा आठवडा चालू आहे. रविवारी सकाळी मी कानात इअरफोन घालून बुशी पार्कमध्ये धावते तेव्हा साताऱ्यात दुपार झालेली असते आणि आई फोनवर असते. ती शेजारपाजारचं सांगते, मी उत्तरं देते. काल तिला म्हटलं, पाढा म्हणू या. तिला सगळे पाढे येतात, पावकी-निमकीसुद्धा. दोघी मिळून तेराचा म्हणत होतो. तेरा सत्ते एक्याण्णवला माझा आवाज मध्येच तुटला.

“दम लागला तुला,” आई म्हणाली. “चाल आता.”

मी चालायला लागले. तेरा आठे चारोदरसे तिने एकटीनेच म्हटलं.