सर्व्हरवर सिस्टमडी आल्यानंतर

सांगलीच्या वसंतदादा मार्केट यार्डातील एका अडत दुकानाचा हिशेब ज्या डेबियन (लिनक्सचे एक वितरण, म्हणजे तयार संच) सर्व्हरवर चालतो, त्याची देखभाल मी पाहतो. डेबियन ७ वरून ८ वर जाताना त्याची इनिट प्रणाली बदलली. म्हणजे कर्नल (प्रणालीचा गाभा) सर्वप्रथम जी प्रक्रिया सुरू करतो आणि जी पुढे बाकीच्या सेवा चालू करते, तिथे जुन्या सिस्टिम-व्ही इनिटऐवजी सिस्टमडी आली. डेबियनमध्ये हा निर्णय सहजासहजी झाला नव्हता. फेब्रुवारी २०१४ मध्ये तांत्रिक समितीत सिस्टमडी आणि अपस्टार्ट ही दुसरी इनिट प्रणाली यांना समसमान मते पडून अध्यक्षांच्या निर्णायक मतावर कौल लागला, आणि ज्यांना तो पटला नाही त्यांच्यातील काहींनी देवुआन हे वेगळे वितरण काढले.

त्या वादात संगणक किती लवकर सुरू होतो याची चर्चा बरीच झाली, पण माझ्या मते ती बाब दुय्यम आहे. जुनी स्क्रिप्ट सेवा सुरू करून तिचा प्रक्रिया-क्रमांक एका फाइलमध्ये लिहून ठेवी आणि तिथेच तिचे काम संपे. पुढे ती सेवा बंद पडली तरी फाइल तशीच राही आणि कोणालाही पत्ता लागत नसे. सिस्टमडी मात्र प्रत्येक सेवेच्या सगळ्या प्रक्रिया कर्नलच्या सीग्रुपमध्ये, म्हणजे प्रक्रियांच्या गटात, एकत्र ठेवते, त्यामुळे शेतकऱ्यांच्या पट्ट्या काढणारा प्रोग्राम हळदीचे सौदे ऐन भरात असताना कोसळला, तरी त्या सेवेच्या युनिट फाइलमधील (सेवा कशी चालवायची ते सांगणाऱ्या फाइलमधील) ‘रिस्टार्ट’च्या एका ओळीमुळे तो आपोआप पुन्हा उभा राहतो.

अशी यंत्रे अपग्रेड करणाऱ्यांनी आधी एफएस-टॅब फाइल (सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या याची यादी) तपासावी, असे मी आवर्जून सांगेन. बॅकअपची बाहेरची डिस्क जोडलेली नसली तरी जुनी प्रणाली तक्रारीचा संदेश दाखवून पुढे जात असे. सिस्टमडी तिची ९० सेकंद वाट पाहते आणि मग पुढे सुरू न होता थेट आपत्कालीन शेलवर, म्हणजे कोणीतरी आज्ञा टाइप करण्याची वाट पाहत, थांबते. वीज जाऊन आल्यावर पहाटे दुकानात कोणीच नसते, तेव्हा हे परवडणारे नाही. त्या डिस्कच्या ओळीत ‘नोफेल’ (डिस्क नसली तरी पुढे जा) हा पर्याय घातला की अडचण सुटते.

यंत्रातील घडामोडींच्या नोंदी बायनरी स्वरूपात, म्हणजे खास साधनानेच वाचता येतील अशा, ठेवण्याची सिस्टमडीची पद्धत मला आजही पसंत नाही. साधी मजकूर-फाइल कोणत्याही यंत्रावर उघडता येते, आणि डिस्क बिघडलेली असते तेव्हा हीच सोय सर्वांत मोलाची ठरते. म्हणून त्या सर्व्हरवर साध्या मजकुरात नोंदी लिहिणारा आर-सिसलॉग हा प्रोग्राम मी चालूच ठेवला आहे.