विमान इंधनाची उधारी

२२ ऑगस्ट २०१९ रोजी इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम या तीन सरकारी तेल कंपन्यांनी पुणे, कोची, पाटणा, रांची, विशाखापट्टणम आणि मोहाली येथील विमानतळांवर एअर इंडियाला इंधन देणे थांबवले. एका सरकारी कंपनीने दुसरीची अडवणूक करावी, याचे तेव्हा अनेकांना नवल वाटले. मला मात्र ते पाऊल योग्यच वाटते. खंत आहे ती ते फार उशिरा उचलले गेले याची.

विमान कंपन्यांना एटीएफ, म्हणजे विमानाचे इंधन, सहसा उधारीवर मिळते. एअर इंडियाला त्यासाठी ९० दिवसांची मुदत होती, पण प्रत्यक्षात पैसे सुमारे आठ महिने रखडले होते आणि थकबाकी ४,००० कोटी रुपयांच्या वर गेली होती. इंधन हा विमान कंपनीचा सर्वांत मोठा खर्च. त्याचा दर दर महिन्याच्या पहिल्या तारखेला बदलतो आणि जीएसटीत समावेश नसल्याने त्यावर प्रत्येक राज्याचा व्हॅट वेगळा असतो. त्यामुळे कंपनी अडचणीत आली की पहिली कात्री इंधनाच्या बिलालाच लागते, कारण भाड्याने घेतलेल्या विमानाचे भाडे थकले तर मालक ते विमान परत नेतो, सरकारी तेल कंपनी मात्र कळ सोसत राहील, असा भरवसा असतो.

पण तेल कंपनीचा खर्च थांबत नाही. जेट ए-१ या प्रकारचे हे विमान इंधन उणे ४७ अंशांपर्यंत गोठता कामा नये आणि त्यात पाण्याचा अंशही राहता कामा नये, म्हणून साठवणुकीच्या टाक्यांपासून विमानाच्या पंखापर्यंत त्याची गाळणी आणि तपासणी चालू असते. बिल चुकते झालेले असो वा नसो, त्या कामात एका दिवसाचीही सूट घेता येत नाही.

किंगफिशर या विमान कंपनीला या तेल कंपन्यांनी पुढे रोख पैशांवरच इंधन दिले. एप्रिल २०१९ मध्ये इंडियन ऑइलने जेट एअरवेजचा पुरवठा थांबवला आणि १७ एप्रिलच्या रात्री अमृतसरहून मुंबईला आलेल्या विमानानंतर जेटची उड्डाणे बंद पडली. हजारो कर्मचाऱ्यांवर कोसळलेले ते संकट मी हलके मानत नाही, परंतु मुळात कर्जात बुडालेली कंपनी उधारीच्या इंधनावर आणखी काही महिने उडाली असती, तर त्यांचे थकलेले पगार मिळाले असते असे मला वाटत नाही.

एअर इंडियाचा पुरवठा सप्टेंबर २०१९ मध्ये पूर्ववत झाला. पुढे टाटा समूहाला ती विकताना कर्जाचा मोठा भाग आणि इंधनाच्या बिलांसह इतर देणी सरकारच्याच एआयएएचएल (एअर इंडिया असेट्स होल्डिंग लिमिटेड) या कंपनीकडे वर्ग करण्यात आली, म्हणजे त्या इंधनाचा भार अखेर सरकारी तिजोरीवरच आला.