अर्ध्या तासाने भरणारी सभा

मुंबईतल्या सोसायट्यांच्या सूचना फलकावर दर पावसाळ्यात एक वाक्य हमखास लागतं. 'गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती त्याच दिवशी, त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेण्यात येईल व त्या सभेस गणसंख्येची आवश्यकता राहणार नाही.' उपविधींत, म्हणजे सोसायटीच्या नियमांत, तशी सोयच आहे. एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा 20, यांत जो आकडा कमी तो कोरम. तेवढी माणसं जमली नाहीत तर अर्धा तास घड्याळाकडे बघत बसायचं आणि मग असतील तेवढ्यांत उरकायचं.

आमची मुलुंड पूर्वेची इमारत 40 सदनिकांची. म्हणजे 20 डोकी हवीत. सभा दहाची असली की लोक साडेदहालाच खाली उतरायचे. दहाची सभा ही सभा नसते हे सगळ्यांना पाठ झालेलं होतं. अडीनडीसाठी ठेवलेली पळवाट आमच्याकडे वहिवाट झाली होती.

मी निवृत्त लघुलेखिका. सगळी नोकरी सरकारी कचेरीत, दुसऱ्यांच्या बैठका लिहिण्यात गेली. त्यामुळे सोसायटीच्या राजकारणात मला रस नव्हता. इतिवृत्तात मात्र होता, तो खोडच आहे म्हणा ना. एका शुक्रवारी आमच्या तेव्हाच्या सेक्रेटरींनी व्हॉट्सॲपवर फाईल पाठवली. 'ताई, जरा शुद्धलेखन बघून द्याल का?' बघितलं तर वार्षिक सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त. सात विषय, सातही 'सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते मंजूर'. सूचक आणि अनुमोदकांची नावंही बसवलेली. सभा रविवारी व्हायची होती! आणि विषय क्रमांक 4 चे अनुमोदक तेव्हा मुलीच्या बाळंतपणासाठी ऑस्ट्रेलियात होते.

बरं, हा माणूस काही वाईट नव्हता. रात्री अकराला पंपात हवा धरली तर हाच लुंगीवर खाली उतरायचा. एक पैसा कधी खाल्ला नाही. त्याचं म्हणणं सरळ होतं, 'कुणी येत नाही, कुणी बोलत नाही, मग दोन दिवस आधी टाईप केलं तर बिघडलं कुठे?' सोमवारी वॉचमन हजेरीपट घेऊन दारोदार फिरायचा आणि लोक चपला घालता घालता दारातच सही ठोकायचे. समितीची निवडणूक तर त्याहून सोपी. 250 पर्यंत सभासद असले तर सोसायटीला आपली निवडणूक आपणच घेता येते. आमच्याकडे अकरा जागा, अकरा अर्ज, आणि त्यातले निम्मे जिन्यात अडवून भरून घेतलेले. बिनविरोध!

मग इतिवृत्त लिहायचं काम मी मागून घेतलं. फार काही केलं नाही. जे झालं ते लिहायचं, एवढंच. किती जण होते, किती हात वर झाले, कुणाचा विरोध, कशासाठी. मागच्या सभेचं इतिवृत्त 'वाचले असे समजून' कायम न करता खरोखर वाचायचं. कच्चा मसुदा फलकावर लावून हरकती मागवायच्या. पहिल्याच वेळी एक काका म्हणाले, 'ताई, ही काय विधानसभा आहे का?' माझी एक मैत्रीण विधानमंडळात प्रतिवेदक होती. तिथे सभागृहातला शब्दन् शब्द टिपून घेतात, गोंधळ झाला तर गोंधळ झाला असंही लिहितात. आपल्या जिन्यात निदान विरोध झाला एवढं तरी लिहायला काय हरकत आहे, असं मी काकांना म्हटलं. त्यांना पटलं नाही. तेही लिहून ठेवायचा मोह झाला होता.

लिफ्टचं प्रकरण त्यानंतरचं. जुनी लिफ्ट बदलायची होती, तीन दरपत्रकं आली, समितीने मधलं निवडलं. चौथ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी एकट्याने विरोध केला. लिफ्ट बदलूच नका, मोटर आणि दोर बदला, बाकी सांगाडा चांगला आहे, असं त्यांचं म्हणणं. 23 विरुद्ध 1. पूर्वी याचं 'सर्वानुमते' झालं असतं आणि ते गृहस्थ पुढची दहा वर्षं मेंटेनन्सचा चेक देताना कटकट करत राहिले असते. मी त्यांचं नाव आणि कारण तीन ओळींत लिहिलं. मसुदा लागला त्या दिवशी ते चष्मा लावून फलकापुढे उभे होते. दोनदा वाचलं. एक शब्द सुधारून मागितला, मी सुधारला. पुढच्या वर्षी टाकीच्या वॉटरप्रूफिंगचा विषय आला तेव्हा हे महाशय स्वतः फिरून आणलेलं दरपत्रक घेऊन बरोबर दहाला हजर! लिफ्टच्या बाबतीत ते चुकत होते असं मला अजूनही वाटतं. पण हरलेला माणूस पुन्हा सभेला येतो की नाही, यावर माझं हल्ली लक्ष असतं. जिंकलेले काय, येतातच.

बायकांची गोष्ट वेगळी. भाग प्रमाणपत्र, म्हणजे शेअर सर्टिफिकेट, बहुतेक घरांत नवऱ्याच्या नावावर. गळती स्वयंपाकघरात, पाणी भरायची वेळ सांभाळणार ती, कचऱ्याचं वर्गीकरण करणार ती. आणि सभेला येणार तो, तोही अर्ध्या तासाने. आली तर मागच्या खुर्चीवर, आणि बोलली तर 'वहिनी, तुम्ही मेंबर नाही' हे ऐकायचं. कायद्यात सहयोगी सदस्याची सोय आहे. सभासदाने लेखी संमती दिली की त्याच्या गैरहजेरीत तिला बसता येतं, मतही देता येतं. आम्ही अर्ज छापून घरोघर दिले. सभा रविवार सकाळवरून शनिवारी रात्री साडेआठला नेली, कारण रविवारी दहाला ओट्यापासून कोण हलणार? एवढ्यानेच कोरम पहिल्या ठोक्याला व्हायला लागला. कुणाचं प्रबोधन वगैरे करावं लागलं नाही.

ही सोसायटी नावाची चीज मुंबईत जुनीच. गावदेवीला 1915 साली श्रीपाद सुब्बराव तालमकी आणि मंडळींनी सारस्वत गृहनिर्माण सोसायटी उभी केली, या देशातल्या अगदी सुरुवातीच्यांपैकी एक. घरमालकाच्या मर्जीवर न राहता आपलं आपण चालवायचं ही कल्पना. आता शहरभर अशा सोसायट्या आहेत, आणि बहुतेक ठिकाणी आपलं आपण चालवायचं म्हणजे सेक्रेटरीने चालवायचं.

मला वाटतं, शहराच्या बाबतीतही आपली सवय हीच आहे. 7 मार्च 2022 ला मुंबई महापालिकेची मुदत संपली, 227 नगरसेवक घरी गेले. पुढचं मतदान 15 जानेवारी 2026 ला. मधल्या काळात ओबीसी आरक्षणाचा प्रश्न, प्रभाग 227 की 236 हा घोळ, कोर्टाच्या तारखा. सर्वोच्च न्यायालयाने मुदत घालून दिली तेव्हा कुठे गाडं हललं. तोवर प्रशासक, म्हणजे आयुक्तच. सभागृह नाही, स्थायी समिती नाही. 2025-26 चा अर्थसंकल्प 74 हजार कोटींच्या वर होता. मांडला प्रशासनाने आणि मंजूर केला प्रशासकांनी. यात बेकायदा काही नव्हतं. अर्ध्या तासाने भरणारी सभाही बेकायदा नसते.

या काळात आमच्या जिन्यात यावर कुणी चकार शब्द काढला नाही. उलट 'नगरसेवक नाहीत तेच बरं, टक्केवारी तरी वाचली' असं दोघातिघांकडून ऐकलं. टक्केवारीबद्दल मी भोळी नाही. पण महापालिकेचा 1888 चा कायदा, फिरोजशहा मेहतांच्या हाताखालून गेलेला, अजून चालतो आणि त्यात कारभार आयुक्तांच्याच हाती आहे. सभागृहाकडे काय, तर पैशाला मंजुरी द्यायची आणि प्रश्न विचारायचे. प्रस्ताव स्थायी समितीपुढे आला की विरोधक आरडाओरडा करायचे, कधी तो दप्तरी दाखल व्हायचा, म्हणजे नामंजूर होऊन बाजूला पडायचा, कधी फेरविचाराला जायचा, आणि त्या भांडणातून दुसऱ्या दिवशी पेपरात कंत्राटाचा आकडा यायचा. भांडण सचोटीने चालायचं असं नाही. पण ते नोंदवहीत यायचं. भांडणारंच कुणी नसलं की कागद गुळगुळीत होतो, आमच्या सात विषयांसारखा.

मतदानाचंही तेच. 2012 ला मुंबईत 45 टक्क्यांच्या आसपास मतदान झालं, 2017 ला 55 च्या वर गेलं तर केवढं कौतुक. निवडणुकीला कोरम नसतो, हे एक बरं आहे.

शहराच्या पातळीवर वहिवाट मोडायला काय करायचं, याचं माझ्याकडे मोठं उत्तर नाही. 74 व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या आणल्या. 2009 साली आपल्या राज्याच्या कायद्यात क्षेत्रसभाही आली, म्हणजे मतदारांनीच जमून बोलायचं. क्षेत्रसभेला जाऊन आलेला मुंबईकर मला अजून भेटायचा आहे. पण एक छोटी गोष्ट मी करून बघितली आहे. राज्य सरकारच्या 2018 च्या आदेशाप्रमाणे स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना अभिलेख पाहता येतात. आधी माहिती अधिकारात अर्ज टाकून महिनाभर थांबायला नको. आमच्या गल्लीचा रस्ता खोदून ठेवला होता तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या त्या गृहस्थांना घेऊन मी वॉर्ड ऑफिसात गेले. कारकून जरा चपापला, मग त्याने स्वतःच खुर्च्या ओढल्या. कार्यादेश पाहिला, काम संपायची तारीख पाहिली, हमीचा कालावधी टिपून घेतला. मला वाटलं होतं गृहस्थ तिथेही भांडतील. त्यांनी चष्मा लावला आणि तासभर मोजमाप पुस्तिका वाचत बसले. रस्ता त्यामुळे लवकर झाला असं मी म्हणणार नाही. पण ती हमीची तारीख आता आमच्या फलकावर आहे, आणि तडा गेला तर कुणाला गाठायचं हे वॉचमनलाही माहीत आहे.

आमच्याकडचा न सुटलेला प्रश्न भाडेकरूंचा. 40 पैकी 12 घरं भाड्याने दिलेली, मालक कुणी ठाण्याला, कुणी टोरांटोला. भाडेकरूंना मत नाही, ते कायद्यानेच नाही. पण पाणी तेच वापरतात, लिफ्ट तेच वापरतात, गणपतीची वर्गणी सगळ्यांत आधी तेच देतात. त्यांना सभेत नुसतं बसू द्यावं, असा विषय मी समितीत आणला. 'आज बसतील, उद्या बोलतील,' असं एक जण म्हणाले. बोलू द्या की, मी म्हटलं. 6 विरुद्ध 4, एक गैरहजर. विषय पडला, तसा इतिवृत्तात आहे.

आता तो 22 ऑगस्टच्या सर्वसाधारण सभेपुढे येतोय. सहाव्या मजल्यावरचा भाडेकरू मुलगा परवा विचारत होता, 'काकू, मी आलो तर चालेल?' ठराव होईपर्यंत जिन्यात थांबावं लागेल, म्हटलं. विषय 3 नंबरवर घेतलाय. पार्किंग 7 वर आहे, मंजूर झालं तर भांडणाला वेळेवर पोचशील.