कालवड माजावर येईना, तर आधी टेप काढा

आमची एचएफ क्रॉस (होल्स्टीन फ्रिजियन या विदेशी जातीची संकरित) कालवड दोन वर्षांची झाली तरी माजाचं नाव नाही. आई म्हणाली दृष्ट लागली, मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या. मग खानापूरहून डॉक्टर आले, त्यांनी सुईला हातच लावला नाही, शिवणाची टेप मागितली! छातीचा घेर ५२ इंच, लांबी ४६. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, म्हणजे साधारण १८८ किलो. म्हणाले, हिला वय झालंय पण वजन नाही, २५० च्या आसपास गेल्याशिवाय भरवायची, म्हणजे गाभण करायची घाई करू नका.

चूक आमचीच हो. ऊसतोडीच्या दिवसात वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, फुकट मिळतंय म्हणून तेच टाकत होतो, आणि त्यात ऑक्झलेट असतं ते कॅल्शियम धरून ठेवतं, अंगाला लागू देत नाही, हे कुणाला माहीत. पेंड सगळी दुभत्या गाईला, कालवडीला उरलंसुरलं. आमच्याकडं सगळ्यांच्यात हेच चालतंय, दूध देत नाही ना मग खर्च कशाला.

आता मका, कडबा, दोन किलो खुराक, ५० ग्रॅम मिनरल मिक्श्चर. चार महिन्यांत साठेक किलो वाढली आणि परवा पहाटे हंबरून हंबरून आळी उठवली, पारदर्शक सोट (माजाचा चिकट स्राव) लोंबत होता. डॉक्टरांना लगेच फोन.

पण अति पण नको, वयात यायच्या आधी चरबी चढली की कासेत दूध तयार करणाऱ्या ग्रंथींऐवजी चरबीच भरते. शेजारच्या मामांची कालवड बघा, अंग हत्तीसारखं आणि दूध तांब्याभर. मामांना सांगायचं कोण, तेवढं राहिलंय.