आठवड्याला १६० किलोमीटर? मला पटतंय

आमच्या रनिंग ग्रुपवर अण्णांनी आठवड्याचा आकडा टाकला, १६० किलोमीटर. लगेच एकाने विचारलं, "मोबाईल स्कूटरच्या डिकीत होता का?" मला ते अजिबात आवडलं नाही. पन्नाशीतल्या, टॉवेल कारखान्यात नोकरी करणाऱ्या माणसाला खोटारडं ठरवण्याआधी निदान हिशोब तरी करा.

अण्णांना किलोमीटरला साडेसहा मिनिटं लागतात. म्हणजे आठवड्याचे सतरा तास वीस मिनिटं, रोजचे अडीच तास. पहाटे चारला होटगी रोडला लागलेला माणूस साडेसहाला घरी. उन्हाळ्यात सोलापूरचा पारा बेचाळीसच्या पुढे जातो, त्यामुळे इथे पळणारा तसाही अंधारातच उठतो. अण्णा रात्री नऊला झोपतात, लग्नकार्यातसुद्धा जेवून लगेच निघतात. वेळ येतो तो तिथून.

केनियाचा मॅरेथॉनपटू किपचोगे आठवड्याला २०० ते २२० किलोमीटर पळायचा, पण पळणं हाच त्याचा पेशा, दुपारची झोपही त्यातच आली. नोकरी सांभाळून कुणी महिनोन्महिने ३०० सांगू लागला, तर मात्र मलाही शंका येते. सातच्या पेसने, म्हणजे किलोमीटरला सात मिनिटं धरून, ते पस्तीस तास होतात, रोजचे पाच! अंगात ताकद असेलही, पण दिवसाला तास किती?

शंका असेल तर पावलं बघा. घड्याळ अंतर मोजतं उपग्रहावरून आणि पावलं मोजतं हाताच्या हालचालीवरून. दोन वेगळी खाती आहेत ही. सहाच्या पेसने किलोमीटरला साधारण हजार पावलं पडतात. गाडीत बसलं की किलोमीटर वाढत राहतात, पावलं वाढत नाहीत. २०१६ साली अमेरिका आडवी पळून पार करायला निघालेल्या एका ब्रिटिश हौशी धावपटूच्या नोंदींत हेच दिसलं. त्याने वाहनाची मदत घेतली असावी, असा निष्कर्ष स्वतंत्र चौकशीत निघाला. त्याने आरोप नाकारला.

मी अण्णांचा रविवारचा रन उघडून बघितला. तुळजापूरच्या घाटात पेस साडेसातवर घसरलाय, पण मिनिटाला पावलं तीच, १६४-१६५. पाऊल आखूड झालंय, ठेका सुटलेला नाही. चढावर हृदयाचे ठोके वाढलेत, पाणी प्यायला थांबले तिथे उतरलेत. असं डिकीतल्या मोबाईलला जमत नाही.

आणि सोलापूरकरांनी तरी अंतराचं एवढं नवल करू नये. कोजागिरीला इथून हजारो लोक तुळजापूरला पायी जातात, पंचेचाळीस किलोमीटर, त्यातले कित्येक अनवाणी.

मला काळजी आहे ती पोरांची. कॉलेजातल्या एकाने विचारलं, "ताई, मी तीसवरून पुढच्या महिन्यात शंभर करू का?" मी स्पष्ट नाही म्हटलं. दम लवकर वाढतो, नडगीच्या हाडाला वेळ लागतो. अण्णांचा हा आकडा दहा-बारा वर्षांत हळूहळू वाढलाय. पोरगा सध्या पस्तीसवर थांबायला तयार झालाय, आणि रविवारी अण्णांबरोबर फक्त पहिले दहा पळणार आहे.