वाचनालयातील संगणकांवर नवा ब्राउझर रुजवताना

बेळगावच्या वडगाव भागातील आमच्या वाचनालयात वर्तमानपत्रांच्या टेबलांपलीकडे काही संगणक ठेवलेले आहेत. कोणी कर्नाटकाच्या ‘भूमी’ संकेतस्थळावर जमिनीचा उतारा पाहतो, कोणी मुलीच्या परीक्षेचा निकाल शोधतो, आणि एकच संगणक दिवसभर अनेकजण वापरत असल्यामुळे एकाने शोधलेली गोष्ट पुढच्याच्या पडद्यावर जाहिरात होऊन येते. सोनेतारण कर्जाची चौकशी करून एक वहिनी उठल्या आणि त्यांच्या मागून बसलेल्या शेजाऱ्यांना पानोपानी कर्जाच्याच जाहिराती दिसू लागल्या. घरची अडचण गल्लीत कळू नये म्हणून जी बाई वाचनालयात येते, तिची अडचण त्याच यंत्राने उघडी पाडावी, हे मला सहन झाले नाही. गूगलच्या क्रोमऐवजी फायरफॉक्स हा ब्राउझर आणण्याचे मी तेव्हाच ठरवले.

फायरफॉक्स निवडण्यामागे दोन कारणे होती. ब्रेव्ह, एज, ऑपेरा हे सगळे क्रोमच्याच क्रोमियम या पायावर उभे आहेत. फायरफॉक्सचे गेको हे पाने पडद्यावर उभी करणारे इंजिन स्वतंत्र आहे आणि त्यामागे मोझिला ही ना-नफा संस्था आहे. दुसरे कारण आमच्या भागापुरते, पण माझ्या दृष्टीने अधिक वजनाचे होते: त्याचे मेनू मराठीत आणि कन्नडमध्येही मिळतात, आणि आमच्याकडे दोन्ही भाषांचे वाचक येतात. जून 2022 पासून संगणकावरील फायरफॉक्स प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकीज, म्हणजे त्याने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी, आपोआप वेगवेगळ्या ठेवतो, त्यामुळे जाहिरात कंपनीला त्या कुकीजच्या आधारे एकाच माणसाचा या पानावरून त्या पानापर्यंत माग काढता येत नाही. त्याशिवाय ब्राउझर बंद होताच कुकीज आणि इतिहास पुसला जाईल अशी मांडणी मी प्रत्येक यंत्रावर केली. लोक मेल उघडाच ठेवून उठून जात, तो धोकाही ब्राउझर बंद केला की टळू लागला.

कॉलेजच्या मुलांचे म्हणणे होते की क्रोमची इन्कॉग्निटो खिडकी पुरेशी आहे. यंत्रावर इतिहास न उरण्यापुरते ते खरे आहे. पण आपण भेट दिलेले संकेतस्थळ आणि इंटरनेट पुरवणारी कंपनी यांच्यापासून ती खिडकी काही लपवत नाही. याच प्रश्नावर अमेरिकेत 2020 मध्ये दाखल झालेल्या खटल्यात गूगलने 2024 मध्ये तडजोड करून साठवलेल्या नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले. शिवाय ती खिडकी दर वेळी आठवणीने उघडावी लागते, आणि साठीच्या पुढच्या माणसाकडून ही अपेक्षा करणे मला योग्य वाटत नाही.

गोपनीयतेवर बोलून मात्र कोणी वळले नाही. “आमच्याजवळ लपवण्यासारखं काय हाय, सर?” असे एका विणकर काकांनी विचारले. मी वाद न घालता ते रोज वाचतात त्या बातम्यांचे पान फायरफॉक्समध्ये उघडले आणि पत्त्याच्या पट्टीतील ढालीच्या चिन्हावर क्लिक करून अडवलेल्या ट्रॅकरची, म्हणजे पानात दडून वाचकाचा माग काढणाऱ्यांची, यादी दाखवली. त्यांनी ती खालपर्यंत वाचली आणि “ह्यांना माझ्याशी काय काम?” असे विचारले. यानंतर समजावण्याची फारशी गरज उरली नाही, आणि पुढे प्रत्येकाला मी हेच करून दाखवत गेलो.

अडथळे सवयीचे होते. क्रोमचे चिन्ह जिथे होते नेमके तिथेच फायरफॉक्सचे ठेवले, तेव्हा निम्मी कुरकुर थांबली. काही सरकारी पानांवर ओटीपीची खिडकी उघडत नसे; तिथे ढालीतूनच तेवढ्या संकेतस्थळापुरते संरक्षण बंद करता येते, हे मी कागदावर लिहून भिंतीला लावले. कन्नड पान मराठीत करून वाचण्याची सोय ज्येष्ठांना क्रोममध्ये अंगवळणी पडली होती. ती मोडणे अन्यायाचे ठरले असते, म्हणून त्या कामापुरता क्रोम यंत्रांवर राहू दिला.

ज्यांना घरच्या लॅपटॉपवरही बदल हवा होता, त्यांचे पासवर्ड क्रोममधून सीएसव्ही नावाच्या साध्या यादीच्या फाइलमध्ये उतरवून नव्या ब्राउझरमध्ये घेतले. ती फाइल कोणालाही वाचता येईल अशी उघडी असते. म्हणून काम होताच ती पुसायची आणि रिसायकल बिनमधूनही काढायची, यावर मी अडून राहिलो.

मोबाइल सर्वांत अवघड गेला. अनेकजण ब्राउझर उघडतच नाहीत. पहिल्या पडद्यावरील गूगलच्या पट्टीत बोलून शोधतात. त्यामुळे नुसते ॲप घालून भागत नाही. सेटिंग्जमध्ये फायरफॉक्सला डीफॉल्ट करावे लागते, म्हणजे व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंका त्यात उघडतात, आणि गूगलच्या पट्टीच्या जागी त्याची शोधपट्टी आणावी लागते. अँड्रॉइडवरील फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारे जोड-सॉफ्टवेअरही चालते. जाहिराती गळाल्याने पाने लवकर उघडतात, आणि मोबाइलवर लोक टिकले ते मुख्यतः यामुळे. ब्राउझर बदलला तरी फेसबुकवर लॉगिन केलेल्या माणसाला फेसबुक ओळखतेच आणि ओटीपी मागणाऱ्या भामट्याला कोणताही ब्राउझर रोखत नाही, हे मी प्रत्येकाला फोन परत देताना सांगतो.